जपानी कलावस्तूंचा आपल्याकडील बाजार

गेल्या ज्येष्ठांत, पावसाला नुकती सुरुवात झाली असतां, आमचे एक जुने विद्यार्थी मोहोपाड्यास आमच्या घरीं आले व पंचांत गुंडाळून आणलेली एक फरशी त्यांनीं आमच्यापुढें ठेविली. फरशी सहा इंच लांब व तितकीच रुंद असून तिच्यावर निळ्या-हिरव्या झिलईंत मोराची मान व वीणेचा भोपळा एवढाच चित्रभाग होता. पाताळगंगेच्या कांठीं त्यांचें वडिलार्जित घर आहे. तेथील देवघराच्या भिंतींतून ओल धरून ती सुटून पडली होती. चार फरशा जुळवून सरस्वतीचें एक चित्र होतें, त्यांपैकीं ही खालची डावी. फरशी उलटी केली तों पाठीवर रोमन लिपींत उठावाचीं अक्षरें दिसलीं : ‘मेड इन जपान’. घर पाडून नवें बांधावयाचें ठरलें आहे. मुंबईचा एक व्यापारी सर्व फरशा काढून नेण्यास तयार आहे. तरी या वस्तूचें मोल काय आणि ती द्यावी कीं न द्यावी, असा त्यांचा प्रश्न होता.

जपानी कलाकुसरीच्या, भेट देण्याजोग्या किंवा नवलाच्या वस्तू प्रवाशानें कोठें घ्याव्यात, असा दुसरा प्रश्न आमच्या संग्राहक स्नेह्यांकडून वारंवार येत असतो. त्याचें उत्तर बहुधा क्योतो व तोक्यो येथील पेठांचीं नांवें सांगून दिलें जातें. तें चूक नाहीं. परंतु अपुरें आहे. जपानी वस्तूंचा बाजार आपल्याच किनाऱ्यावर दोनदां मोठ्या प्रमाणावर भरून गेला : एकदां सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यास, व पुन्हां १८९३ पासून १९४१ पर्यंत मुंबईस. आज मुंबईच्या जुन्या बाजारांत जें मिळतें तें बव्हंशीं या दुसऱ्या बाजाराचें उष्टें आहे, आणि तें आपल्याच घरांच्या भिंतींतून व फडताळांतून निघत आहे. म्हणून घेणाऱ्यानें ‘कोठें मिळेल’ याबरोबरच ‘कोठून आलें’ हेंहि विचारलें पाहिजे, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

(१) गोव्याचा लिलांव

मराठींतील ‘लिलांव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपणांस मिळाला, हें भाषाभ्यासकांस ठाऊकच आहे. तो शब्द ज्या व्यवहाराबरोबर आला तो जुन्या गोव्याच्या ‘रुआ दिरैता’ म्हणजे सरळ रस्ता या पेठेंत चाले. यान ह्यूखेन फान लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ इ. स. १५८३ सालीं गोव्यास आला व सुमारें पांच वर्षें तेथील आर्चबिशपाच्या पदरीं लेखनिक होता. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, रविवार व सणवार वगळून रोज सकाळीं सातापासून नवापर्यंत या रस्त्यावर लिलांव चाले. अरबी घोडे, मसाले, गालिचे, जडजवाहीर, इतकेंच नव्हे तर गुलामहि तेथें विकले जात. कोणी मनुष्य मरण पावला म्हणजे त्याची सगळी चीजवस्तु तेथेंच आणून विकीत, मग तो खुद्द व्हाइसरॉय कां असेना. मेलेल्याच्या घरांतून वस्तु बाहेर पडते व तिचा पूर्वेतिहास त्या सकाळींच तुटतो. हें लक्षांत ठेवावें, कारण पुढें याचाच पुन्हां प्रसंग येणार आहे.

नागासाकी हें बंदर १५७१ सालीं पोर्तुगीज व्यापारास खुलें झालें. तेव्हांपासून गोवा, मकाव व नागासाकी अशी पोर्तुगीजांची फेरी चालूं लागली. परतीच्या वाटेवर रुप्याबरोबर रोगणी पेट्या, लेखनपेटिका व देवघरांत ठेवण्याच्या मंजुषा येत. काळ्या रोगणावर सोन्याची पूड शिंपडून काढलेली वेलबुट्टी व तींत बसविलेले शिंपल्याचे तुकडे, हें या मालाचें लक्षण. सोन्याच्या कामास जपानींत ‘माकि-ए’ म्हणजे शिंपडलेलें चित्र म्हणतात. शिंपल्यांची एवढी दाटी मात्र जपानी अभिरुचीची नव्हे. गुजराथेंतील शिंपल्यांच्या कामाचे नमुने पाहून पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठीं ती स्वीकारली गेली, असें कलेतिहासकारांचें मत आहे. या मालास ‘नाम्बान’ म्हणजे ‘दक्षिणेकडील म्लेंच्छांचा’ असें नांव पडलें. म्लेंच्छ म्हणजे अर्थात् पोर्तुगीज. १६३९ सालीं जपाननें पोर्तुगीजांस घालवून दिलें आणि हा बाजार बसला. पुढें जपानशीं व्यवहार करण्याची मोकळीक युरोपियनांपैकीं एकट्या डचांस राहिली.

याच फेरीनें चार जपानी तरुणहि गोव्यास आले. इतो मान्शो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियन व हारा मार्तिन्यो हे १५८२ सालीं नागासाकीहून रोमकडे निघाले. जातांना १५८३ सालीं व परततांना १५८७ सालीं ते गोव्यांत होते. दुसऱ्या मुक्कामांत हारा मार्तिन्यो यानें केलेलें लॅटिन भाषण १५८८ सालीं गोव्यासच छापलें गेलें. त्याच वर्षीं गोव्याचा व्हाइसरॉय दुआर्ते दे मेनेझिश यानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमि हिदेयोशि यास एक पत्र पाठविलें. चर्मपत्रावर लिहिलेलें व रंगीत वेलबुट्टीनें सजविलेलें तें पत्र १५९१ सालीं हिदेयोशीच्या हातीं पडलें आणि आज क्योतोच्या म्योहो-इन या मठाच्या मालकीचें असून जपाननें तें राष्ट्रीय निधि म्हणून जाहीर केलें आहे. पत्र कोणीं लिहिलें, कोठून निघालें, कोणाच्या हातीं गेलें व कोठें राहिलें, ही सगळी सांखळी अभंग असल्यामुळेंच त्याची एवढी योग्यता. लिलांवांत विकल्या गेलेल्या शेंकडों पेट्यांपैकीं किती पेट्यांविषयीं इतकें सांगतां येईल ?

येथें संग्राहकांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. आपली लाख, म्हणजे संस्कृतांतील लाक्षा, ही कीटकापासून होते. ती उष्णतेनें वितळते व स्पिरिटांत विरघळते. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते ती ही. जपानी रोगण ‘उरुशि’ नांवाच्या झाडाच्या चिकापासून होतें. तें दमट हवेंत कठीण होतें आणि एकदां कठीण झालें म्हणजे वितळत नाहीं. दोहींस मराठींत सरसकट ‘लाखकाम’ म्हटल्यानें घोटाळा होतो. स्पिरिट लावून परीक्षा करण्याचा मोह मात्र कोणीं करूं नये; लाख निघाली तर वस्तु बिघडेल व उरुशि निघाली तरी तिची झळाळी जाईल. उरुशीच्या वस्तूस कोंकणची हवा मानवते. देशावरील कोरड्या उन्हाळ्यांत आंतलें लांकूड आकसून रोगणास चिरा पडतात. घाट चढवून वस्तु नेणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

(२) मुंबईचा बाजार

जपान आमच्या तालुक्यांच्या किती जवळ येऊन गेला हें पाहावयास मुंबईसहि जावें लागत नाहीं. कर्जत तालुक्यांतील माथेरानावर माणसानें ओढावयाची जी रिक्षा चाले ती जपानी कल्पना होय. ‘जिनरिकिशा’ या जपानी शब्दाचे तीन अवयव मनुष्य, बल व वाहन या अर्थाचे आहेत. संस्कृतांत ‘नरबलयान’ म्हणतां येईल. १८७० च्या सुमारास तोक्योंत निघालेली ही गाडी दहा-बारा वर्षांत सिमल्यापर्यंत पोंचली. मनुष्यानें मनुष्यास ओढणें अमानुष आहे असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं माथेरानावरील ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितलें. प्रथा जाणें योग्यच. परंतु तिच्यापैकीं एखादी गाडी, ओढणाऱ्यांच्या हकीकतींसह, जपून ठेवली जावी असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या बाजाराचा आरंभ निश्चित सांगतां येतो. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीनें नोव्हेंबर १८९३ मध्यें (शके १८१५) कोबे ते मुंबई अशी बोटींची नियमित वाहतूक सुरू केली. पहिली बोट ‘हिरोशिमा मारू’. पुढच्याच वर्षीं जपानची वकिलात मुंबईस उघडली. येथून मुख्यतः कापूस जाई. तिकडून रेशीम, छत्र्या, कापूर, आगपेट्या, कांचेच्या बांगड्या व मणी, चिनी मातीचे पेले-बशा आणि पुढें पुढें सेल्युलॉइडच्या बाहुल्या येऊं लागल्या. आजीच्या तोंडीं ‘जपानी’ हा शब्द ‘स्वस्त व दिसाऊ’ या अर्थानें येई, त्याचें मूळ या मालांत आहे.

यांत विशेष पाहण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा माल केवळ जपानी नव्हता. तो आपल्यासाठीं म्हणून केलेला होता. १८९४ सालीं मुंबईस निघालेला व पुढें बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळ्यापलीकडे मळवली येथें हलविलेला राजा रविवर्म्याचा छापखाना देवदेवतांचीं चित्रें घरोघर पोंचवीत होता. तींच चित्रें, कांहींशीं बदलून, जपानी आगपेट्यांच्या लेबलांवर छापून परत आपल्याकडे येऊं लागलीं. १९२२ सालीं परदेशी आगपेट्यांवर भारी जकात बसली. लगेच १९२३ सालीं स्वीडिश भांडवलाची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली व तिनें आमच्या कर्जतच्या लोहमार्गावरील अंबरनाथ येथें कारखाना घातला. जपानी आगपेटी अशी गेली. मागें राहिलीं तीं लेबलें. पेटी जाळावयाची, लेबल फेंकावयाचें. म्हणूनच आज तें दुर्मिळ आहे.

फरशीचेंहि असेंच झालें. झिलईदार भिंतफरशी आपल्याकडे प्रथम इंग्लंड, बेल्जम वगैरे देशांतून येई. १९१४ सालीं युरोपांत युद्ध पेटलें, तिकडील पुरवठा आटला व जपानी कारखानदारांस रान मोकळें झालें. अवाजी बेटावरील दान्तो, नागोयाकडील साजी इत्यादि कारखान्यांनीं आधीं युरोपियन फुलापानांच्या नकला केल्या आणि नंतर हिंदुस्थानांतील गिऱ्हाइकांसाठीं कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती असे विषय घेतले. मुंबई, गुजराथ, राजस्थान, तमिळ देशांतील चेट्टिनाड, इतक्या दूरवर या फरशा सांपडतात. १९३३ सालीं जपानी कापडावरील जकातीवरून झालेलें भांडण १९३४ च्या करारानें मिटलें. पण १९४१ सालीं युद्धामुळें सर्वच व्यापार तुटला. तेव्हां आपल्याकडील जपानी देवफरशांचा काळ बहुतेक या पंचवीस-तीस वर्षांतला आहे.

(३) फरशीची परीक्षा

फरशी हातीं आल्यास आधीं पाठ पाहावी. माती ओली थापून नव्हे, तर कोरड्या मातीची भुकटी साच्यांत दाबून ती केलेली असते. म्हणून कडा सरळ व जाडी सारखी. पाठीवर गिलाव्यानें पकड घ्यावी म्हणून उठावाच्या रेषा किंवा चौकड्या व त्यांत कारखान्याचीं आद्याक्षरें असतात. तोंडावर चित्राची प्रत्येक बाह्यरेषा बारीक वरंब्यासारखी उंच असते. दोन रंगांच्या झिलया भट्टींत वितळतांना एकमेकींत मिसळूं नयेत म्हणून ही योजना. बोट फिरवल्यास वरंबा लागतो. वरंबा न लागतां चित्र छापल्यासारखें सपाट असेल तर वस्तु अलीकडची समजावी.

‘मेड इन जपान’ एवढ्या खुणेवरून साल ठरवितां येत नाहीं. १८९० च्या अमेरिकन जकातीच्या कायद्यामुळें तिकडे जाणाऱ्या मालावर १८९१ पासून ‘निप्पोन’, १९२१ नंतर ‘जपान’, व दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत कांहीं मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असे शिक्के आढळतात. हे नियम अमेरिकेच्या मालाचे. मुंबईस आलेल्या मालास ते जसेच्या तसे लावणें म्हणजे एका देशाच्या शकानें दुसऱ्या देशाचें वर्ष मोजणें होय. आपल्या फरशीचें साल ठरवावयाचें तर घराचें साल पाहिजे.

छपराच्या कौलास जपानींत ‘कवारा’ म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत ‘कपाल’ शब्दापासून झाला असें अनेक कोशकार मानतात. अन्नपात्रास ‘हाचि’ म्हणतात, त्याच्या मुळाशीं भिक्षूचें ‘पात्र’ आहे. मिनाकामास ‘शिप्पो’ म्हणतात, त्याचा अक्षरार्थ ‘सप्तरत्न’. जी सरस्वती फरशीवर बसून आमच्या गांवीं आली ती जपानांत ‘बेंझाइतेन’ या नांवानें वीणेऐवजीं ‘बिवा’ नांवाचें तंतुवाद्य घेऊन हजारांहून अधिक वर्षें पूजिली जात आहे. फरशी करणाऱ्या कारागिरास ही ओळख होती असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. त्यानें मुंबईच्या मागणीबरहुकूम मोर व वीणा काढली. पण वाचकांस ती ओळख असावी.

याच संदर्भांत होर्यु-जी मठांतील ताडपत्रांची आठवण करून देणें अवश्य आहे. प्रज्ञापारमिताहृदय व उष्णीषविजयाधारणी यांचीं तीं संस्कृत पत्रें मठानें शतकानुशतकें सांभाळिलीं. १८७८ सालीं तीं मठाच्या इतर ठेव्यासह राजघराण्याकडे गेलीं व सांप्रत तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. १८८४ सालीं माक्स म्युलर व नान्ज्यो बुन्यु यांनीं तीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यांच्या लिपीची चिकित्सा ज्यांनीं लिहिली ते डॉ. ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतले पूर्वीचे प्राध्यापक व आपल्या इलाख्यांतील हस्तलिखितांचे मोठे संग्राहक. पत्रें कोणत्या मठांत होतीं हें निश्चित असल्यामुळेंच त्यांच्या काळाविषयीं वाद घालण्यास पाया मिळाला. तींच जर कोणा फेरीवाल्याच्या पोतडींतून निघालीं असतीं तर केवळ अक्षरवटिकेवर भिस्त ठेवावी लागली असती.

(४) आज कोठें पाहावें, कोठें घ्यावें

घेण्यापूर्वीं पाहावें. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. सर रतन टाटा यांचा संग्रह त्यास आरंभींच मिळाला व १९३३ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहाची भर पडली. तेथील चिनी व जपानी कलेच्या दालनांत दोन तास काढल्यावांचून कोणींहि जपानी वस्तु विकत घेऊं नये. उत्तम वस्तु डोळ्यांत भरली म्हणजे बाजारांतील सामान्य वस्तु आपोआप सामान्य दिसूं लागते, व गांठचे पैसे वांचतात. देवफरशांची जन्मकथा जपानांतच पाहावयाची असेल तर नागोयाजवळ तोकोनामे येथें फरशांचें स्वतंत्र संग्रहालय आहे.

घ्यावयाचें ठिकाण म्हणजे भेंडीबाजारामागील मटण स्ट्रीट, ज्यास लोक चोरबाजार म्हणतात. शुक्रवारीं रस्त्यावर जुन्या मालाची गर्दी असते, पण दुकानें त्या दिवशीं बहुधा बंद. निवांतपणें दुकानांत बसून पाहावयाचें असेल तर दुसऱ्या वारीं जावें. जपानी म्हणून तेथें साधारणतः पुढील वस्तू दिसतात. पहिली, सुट्या देवफरशा व फुलांच्या फरशा. दुसरी, आगपेट्यांचीं लेबलें. हीं बहुधा वहींत चिकटविलेलीं असतात, व शक्य तों वहीसकट घ्यावींत, कारण वही फाडणें म्हणजे एका संग्राहकाचें आयुष्य फाडणें होय. तिसरी, पातळ पेले : पेला उजेडाकडे धरला असतां तळांत स्त्रीचें मुख दिसतें. बोटीवर नोकरी करणाऱ्यांनीं आणलेले असे पेले कोंकणांत अनेक घरीं आहेत. ते विसाव्या शतकाच्या मध्याचे असून संख्येनें पुष्कळ, म्हणून त्यांस भारी किंमत देऊं नये. चवथी, ‘सत्सुमा’ म्हणून पुढें केलीं जाणारीं सोनेरी फुलदाण्यांचीं जोडपीं. यांतील बहुतेक परदेशी गिऱ्हाइकांसाठीं घाऊक केलेलीं. साय धरल्यासारख्या झिलईवरील बारीक भेगांचें जाळें व सोन्याचें काम भिंगानें पाहावें. जेथें ओढण्यांचे फराटे न दिसतां चित्र ठिपक्याठिपक्यांचें दिसेल तेथें तें छापलेलें आहे असें समजावें.

कायद्याचीहि ओळख असावी. १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आहे. शंभर वर्षें पुरीं झालेली कलाकुसरीची वस्तु पुरावस्तु ठरते. हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. इमारतीपासून सुटी केलेली वस्तुहि व्याख्येंत स्पष्टपणें घातली आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणारास परवाना लागतो व खासगी मनुष्यास ती देशाबाहेर नेतां येत नाहीं. आतां हिशेब करावा : १९२० च्या सुमारास मुंबईस उतरलेली जपानी फरशी काल-परवांपर्यंत कायद्याच्या दृष्टीनें केवळ जुनी फरशी होती; ती शंभरी ओलांडून पुरावस्तु होऊन बसली आहे, व तिच्या मागोमाग दरवर्षीं आणखी फरशा त्या रांगेंत येत आहेत. परदेशी पाहुण्यास ‘घरची आठवण’ म्हणून ती भेट देणारानें हें विसरूं नये. ज्यास वाद नको त्यानें जपानची नवी वस्तु घ्यावी.

(५) देवघराची भिंत

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तत्पूर्वीं आमची एक चूक कबूल करणें भाग आहे. सुमारें चाळीस वर्षांमागें मटण स्ट्रीटवर आम्हीं लक्ष्मीची एक फरशी घेतली. कोठून आली हें विचारलें नाहीं. विकणारानें सांगितलें नाहीं. लक्ष्मीच्या हातांतील कमळाचा देंठ फरशीच्या उजव्या कडेशीं तुटतो, म्हणजे शेजारीं दुसरी फरशी होती हें उघड. ती कोणत्या गांवच्या कोणत्या भिंतींत राहिली, किंवा कोणाच्या कपाटांत गेली, हें आतां कधींहि कळणार नाहीं. इतकीं वर्षें ती आमच्या फळीवर आहे व तिच्याविषयीं लिहिण्यासारखें आमच्याजवळ एक वाक्यहि नाहीं.

विद्यार्थ्यांच्या घरीं आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों. दरवाज्याच्या चौकटीवर शके १८५८ कोरलेलें आहे, म्हणजे इ. स. १९३६-३७. फरशा घराबरोबरच बसविल्या असें घरांत सांगतात, आणि गिलावा पाहतां तेंच खरें दिसतें. मुंबईंत कोणत्या दुकानांतून व काय भावानें त्या आणल्या हें आजोबांच्या रोजकीर्दींत असणार होतें; परंतु त्या मोडी वह्या ‘आतां कोणास वाचतां येतात’ म्हणून मागेंच रद्दींत गेल्या. तेव्हां उरला दाखला एकच, भिंत. जेथून फरशी निखळली होती तेथील चुन्यावर मऊ ब्रश फिरविला तों शिसपेन्सिलीनें काढलेला मोडी वळणाचा ३ हा आंकडा व त्याखालीं ‘खा. डावी’ अशीं अक्षरें दिसलीं. सरस्वतीचें चित्र बसवितांना चुकूं नये म्हणून गवंड्यानें केलेली ती खूण. जपानांत साच्यांत दाबलेली, कोबेहून बोटीनें आलेली, मळवलीच्या छापील चित्राच्या वळणाची ती देवी आमच्या गांवच्या गवंड्यानें मोडी आंकडे घालून भिंतींत बसविली. व्यापारी जें नेणार होता त्यांत हा आंकडा नव्हता.

आम्हीं त्यांस फुकटचा उपदेश केला नाहीं. छप्पर गळतें आहे, नव्या घरास पैसा लागतो, व व्यापाऱ्यानें सांगितलेली रक्कम त्यांच्या दृष्टीनें लहान नव्हती. शेवटीं ठरलें तें असें. सरस्वतीच्या चारहि फरशा नव्या घराच्या देवघरांत त्याच क्रमानें बसवावयाच्या. सभोंवारच्या फुलांच्या फरशा त्यांनीं विकल्या. परंतु काढण्यापूर्वीं आम्ही दोघांनीं मिळून भिंतीचें माप घेतलें, प्रत्येक फरशीस क्रमांक दिला, छायाचित्रें घेतलीं, आणि गांव, चौकटीवरील शक, खोली व भिंतीची दिशा एवढा मजकूर लिहून त्याची एक प्रत व्यापाऱ्यास दिली. घेणारास ती द्यावी अशी विनंति केली. त्यानें ती घडी करून खिशांत ठेविली. पुढें ती गिऱ्हाइकापर्यंत पोंचेल कीं नाहीं हें त्याच्या हातीं. दुसरी प्रत घरांत आहे व तिसरी आमच्या दप्तरांत. मोडी आंकडा असलेला चुन्याचा तुकडा काढतांना फुटला. त्याचें छायाचित्र तेवढें राहिलें.

वाचकांस आमची विनंति इतकीच. जपानी वस्तु जरूर घ्यावी. घेण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं हें वर दाखविलेंच आहे. मात्र विकणारास गांवाचें नांव विचारावें, व तो सांगेल तें, खरें वाटो वा न वाटो, त्याच दिवशीं तारीख घालून कागदावर उतरून वस्तूबरोबर ठेवावें. ज्यांच्या गांवीं अशा भिंती अजून उभ्या आहेत त्यांनीं घर पडण्याची वाट न पाहतां माप व चित्र घेऊन ठेवावें, आणि जुन्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्या कोणास तरी एकवार दाखवाव्यात. मोहोपाडा, चौक, खालापूर या बाजूस असें कोणतेंहि घर असल्यास, कळतांच आम्ही टेप व वही घेऊन येऊं. अलमतिविस्तरेण.